एक प्रिंटर, पाच संगणक : वाचनालयाच्या छपाईच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

चिटणीसकाकांनी दिलेलं काम ऐकायला एका ओळीचं आहे : वाचनकक्षातल्या चारही संगणकांवरून प्रिंट नीट निघाली पाहिजे. आज कशाला हात लावला नाही. दुपारभर कक्षात बसून नुसतं पाहत होते.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा आला, प्रवेशपत्राची पीडीएफ उघडली, प्रिंटचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग डायलॉगमधला दुसरा प्रिंटर निवडून पाहिला, मग तिसरा. शेवटी उठून काउंटरवर गेला. ग्रंथपाल काकूंनी नेहमीप्रमाणे प्रिंटर बंद करून चालू केला, आणि तीन प्रती धडाधड बाहेर आल्या. काकू तीनचे पैसे मागतात, तो म्हणतो, “काकू, मला तर एकच पाहिजे होती.” दोघांचंही बरोबर.

डायलॉगमध्ये एकच प्रिंटर तीन नावांनी दिसतो. एक नाव कुणीतरी हाताने जोडलेलं, एक नेटवर्कवर आपोआप सापडलेलं, आणि एक जुन्या पत्त्याचं, म्हणजे मेलेलं. त्या खिडकीत यातलं काही कळायला मार्ग नाही. फाईल कुठे गेली, पोचली का, रांगेत कितवी, याचं उत्तर मिळत नाही म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो. माझ्या मते दुरुस्ती इथे करायची आहे. प्रिंटर तसा धडधाकट आहे.

ठरवलं असं : प्रिंटर यूएसबीवरून काढून नेटवर्कवर घ्यायचा, काउंटरचा संगणक प्रिंट सर्व्हर (सगळ्यांची छपाई सांभाळणारा) करायचा, आणि कक्षातून छपाई टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एका छोट्या कमांडने करायची. पाचही संगणकांवर लिनक्स आहेच. एका सभासदाच्या ऑफिसातून निघालेली जुनी यंत्रं, दुसरं काही त्यांना झेपलंही नसतं.

(या नोंदी काकूंनाही वाचता याव्यात म्हणून सगळं देवनागरीत लिहिते आहे. कमांड्स रोमनमध्ये टाइप करायच्या. त्या भिंतीवरच्या तक्त्यावर आणि सर्व्हरवरच्या टिपणात आहेत.)

९ जुलै, बुधवार

इंदूरच्या जेल रोडवरून लॅनची केबल आणली. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाकला. हे आधी केलं नाही तर पुढचं सगळं वाळूवर. तो मेलेला तिसरा प्रिंटर पत्ता बदलल्यामुळेच मेला होता.

सर्व्हरवर कप्स आहे. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही छपाई-व्यवस्था १९९९ मध्ये बाहेर आली, २००७ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली, आणि आता तिचं काम ओपनप्रिंटिंगकडे चालतं. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईमागे हीच. बोलणं ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, आयपीपी नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे छपाईसाठी ठरलेल्या भाषेत.

प्रिंटर जोडायची कमांड एलपीअ‍ॅडमिन. पी स्विचपुढे (स्विच म्हणजे कमांडला जोडायचं अक्षर) नाव, व्ही पुढे पत्ता, एम पुढे ‘एव्हरीव्हेअर’. या शेवटच्या शब्दाचा अर्थ असा की वेगळा ड्रायव्हर नको, प्रिंटरलाच विचारून घे तुला काय काय येतं ते. आमच्या प्रिंटरने मुकाट उत्तरं दिली.

पुढे कुणी हे परत करील त्याच्यासाठी एक खूण : कॅपिटल ई स्विचची जागा. पी आणि नाव लिहून झाल्यावर ई दिला तर त्याचा अर्थ ‘प्रिंटर चालू कर आणि कामं घ्यायला लाग’. तोच ई आधी दिला तर अर्थ ‘सर्व्हरशी एन्क्रिप्शनने बोल’. अक्षर तेच, चूक दाखवणारा संदेश कुठलाच नाही, आणि प्रिंटर जोडला जाऊनही निपचित पडून राहतो.

कक्षातल्या चार संगणकांवर प्रिंटर जोडलाच नाही. तिथल्या कप्सच्या फोल्डरमध्ये क्लायंट.कॉन्फ फाईल ठेवली, तिच्यात सर्व्हरनेमची एक ओळ. आता तो संगणक छपाईचं सगळं सर्व्हरलाच विचारतो. आपोआप प्रिंटर शोधणारी सेवाही बंद केली. डायलॉगमध्ये आता एकच नाव दिसतं : ‘काउंटर’.

१२ जुलै, शनिवार

कमांड कुठली वापरायची यावर थोडा वेळ घातला. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या धाटणीवर बांधलं त्या जुन्या प्रणालीत, तिच्या बर्कली आणि सिस्टिम फाइव्ह या दोन शाखांमुळे छपाईची दोन घराणी आहेत. बर्कलीकडून आलेलं एलपीआर, त्याच्या सोबतीला रांग पाहायला एलपीक्यू आणि काम रद्द करायला एलपीआरएम. सिस्टिम फाइव्हकडून आलेलं एलपी, त्याच्या सोबतीला त्याच कामांसाठी एलपीस्टॅट आणि कॅन्सल. कप्स दोन्ही चालवतं, कागद सारखाच निघतो.

मी एलपी घेतलं, कारण ते उत्तर देतं. एलपीआर काम झालं तर गप्प बसतं. जाणकाराला ती शांतता पुरते, आमच्या कक्षातल्या मुलाला नाही. एलपी लगेच कामाचा क्रमांक सांगतं : ‘काउंटर-१४२’. तो क्रमांक हातात असला की काउंटरवर जाऊन भांडायची गरज उरत नाही.

दोन्ही घराणी एकत्र शिकवायची नाहीत हेही ठरवलं. एलपीआरमध्ये कॅपिटल पी म्हणजे प्रिंटरचं नाव, एलपीमध्ये कॅपिटल पी म्हणजे कुठली पानं छापायची. प्रिंटरसाठी तिथे छोटा डी. प्रतींसाठी एलपीमध्ये एन, एलपीआरमध्ये चक्क हॅशचं चिन्ह. तक्त्यावर फक्त एलपी राहील.

१३ जुलै, रविवार

ए४ आणि लेटर. एक मुलगी परदेशी विद्यापीठाचा फॉर्म छापायला आली. प्रिंटरचा नारिंगी दिवा लुकलुकत राहिला, मागच्या सगळ्यांची कामं खोळंबली. फाईल अमेरिकी लेटर मापाची होती, २१५.९ गुणिले २७९.४ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए४, म्हणजे २१० गुणिले २९७. प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट पाहत होता, तो इंदुरात कुठल्या दुकानात मिळायचा?

सर्व्हरवर आणि चारही संगणकांवर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य लॉगिनने, एलपीऑप्शन्स चालवून मीडिया (कागदाचं माप) ए४ ठरवून टाकला, सोबत फिट-टू-पेज, म्हणजे पान कागदात बसवून घेणं. साध्या लॉगिनने हीच कमांड दिली तर ती फक्त त्या लॉगिनपुरती लागू होते. रूटने दिली तर त्या संगणकावरच्या सगळ्यांना.

१८ जुलै, शुक्रवार

काल पाऊस, वीज गेली, तीही छपाई अर्ध्यावर असताना. आज सकाळी काकूंचा फोन : प्रिंटरचा दिवा हिरवा, कागद भरलेला, सगळं ठीक आणि तरी काही येत नाही. ऑफिसला जाता जाता डोकावले.

हा भाग सविस्तर लिहिते, कारण पुन्हा होणार.

कप्समध्ये रांगेला दोन वेगळी दारं आहेत. पहिलं : नवीन काम आत घ्यायचं की नाही. दुसरं : आत आलेलं काम प्रिंटरकडे सोडायचं की नाही. ही दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एलपीस्टॅटला छोटा ए दिला तर पहिल्या दाराची स्थिती कळते, छोटा पी दिला तर दुसऱ्याची. आज पहिलं उघडं, दुसरं बंद. म्हणजे प्रत्येक मुलाला ‘काम घेतलं’ म्हणून क्रमांक मिळत होता आणि कागद एकही नाही. पेटीत टपाल पडतंय, पण पेटी उघडायला कुणी येत नाही, तसं.

दुसरं दार कप्सनेच लावलं. एखादं काम फसलं की काय करायचं याचं धोरण ठरवता येतं, आणि काही ठरवलं नसेल तर ते ‘स्टॉप-प्रिंटर’ असतं. काम जपून ठेव, रांग थांबव, माणसाने येऊन बघेपर्यंत पुढे जाऊ नकोस. ज्या ऑफिसात प्रिंटरची काळजी घ्यायला पगारी माणूस आहे तिथे हे शहाणपणाचं. आमच्याकडे काकू आहेत, त्यांच्या मागे पुस्तकांची देवघेव आहे.

कप्सएनेबल दिलं, साचलेलं सगळं निघायला लागलं. निघालेल्या कागदांत कुणाचं तरी आधार कार्ड, कुणाची मार्कशीट. ज्यांची होती ती मुलं कालच घरी गेलेली. यावरून धोरण बदललं. ‘रिट्राय-जॉब’ घ्यावं असं आधी मनात होतं, म्हणजे वीज आली की काम आपोआप परत. पण सार्वजनिक जागेत धनी समोर नसताना कागद बाहेर पडू नये. म्हणून ‘अबॉर्ट-जॉब’ : फसलं ते काम सोड, पुढचं घे. ज्याला पाहिजे तो परत पाठवील. शिवाय रोज रात्री काउंटर बंद करताना सर्व्हर रूटच्या अधिकाराने रांगेतलं उरलंसुरलं सगळं रद्द करतो.

काकूंच्या डेस्कटॉपवर ‘रांग सुरू करा’ नावाचं एक बटण करून ठेवलं. आत दोनच कमांड आहेत : कप्सअ‍ॅक्सेप्ट, कप्सएनेबल. तासाभराने काकूंचा मेसेज आला : बटण छान आहे, रंग बदलता येईल का.

२० जुलै, रविवार

कालपरवाचं आधार कार्ड डोक्यातून जात नव्हतं. कप्स छापून झालेली फाईल काहीच न सांगितल्यास एक दिवस स्पूल फोल्डरमध्ये, म्हणजे छपाईची कामं साठवायच्या जागी, ठेवतं, ८६४०० सेकंद. पुन्हा छापायची सोय म्हणून. प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स ‘नो’ केलं. छापलं की फाईल गेली.

कक्षातल्या संगणकांवर एकच सामायिक लॉगिन आहे, ‘वाचक’. त्यामुळे डाउनलोड फोल्डर म्हणजे जत्रा. कुणाचे बँकेचे कागद, कुणाची पत्रिका. लॉगआउट झालं की तो फोल्डर रिकामा होईल असं केलं. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून जाणाऱ्यांचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. तूर्त त्यावर पाटी.

सामायिक लॉगिनचा आणखी एक परिणाम : रांगेतलं प्रत्येक काम ‘वाचक’चंच दिसतं, आणि कॅन्सलला ए स्विच दिला तर एक मुलगा सगळ्यांची कामं पुसू शकतो. वेगवेगळी लॉगिन द्यावीत असं चिटणीसकाकांचं मत. मला पटत नाही. तासाभरासाठी येणाऱ्या मुलाला पासवर्ड कोण देणार आणि विसरला की कोण बदलणार? त्याऐवजी कामाच्या शीर्षकात टेबलाचा क्रमांक जाईल. एलपीचा टी स्विच. काकूंना रांगेत ‘टेबल ३’ दिसलं की त्या नुसत्या मान वर करून बघतात.

२७ जुलै, रविवार

कमांड तयार. नाव ‘छाप’. रोमन चार-पाच अक्षरांत टाइप होतं. ‘छाप’ लिहून फाईलचं नाव द्यायचं, बाकी ती विचारते.

आतलं काम असं. फाईल पीडीएफ असेल तर पीडीएफइन्फोने पानं मोजते. वर्डची किंवा ओडीटी असेल तर लिब्रेऑफिस खिडकी न उघडता तिची पीडीएफ करतं. मग विचारते : किती प्रती, कुठली पानं. मग सांगते : ‘६ पानं, १२ रुपये. पाठवू?’ हो म्हटलं की एलपी, आणि उत्तरात क्रमांक, आणि रांगेत पुढे किती कामं आहेत तो आकडा. नंतर ‘छाप रद्द’ आणि क्रमांक दिला तर फक्त तेवढं काम रद्द.

लिब्रेऑफिसची एक खोड : कुणी त्याच लॉगिनने लिब्रेऑफिस उघडून बसलं असेल तर मागून चालवलेलं रूपांतर काही न बोलता अर्धवट सोडून देतं, कारण दोघांचं प्रोफाइल एकच. उपाय म्हणजे रूपांतरासाठी टेम्प फोल्डरमध्ये वेगळं प्रोफाइल द्यायचं. सामायिक संगणकावर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

मुलांनी दहा मिनिटांत आत्मसात केलं. खरी परीक्षा दुपारी पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त काकांची. त्यांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची माहिती छापली, पडद्यावर ‘काउंटर-२०७, तुमच्या पुढे १ काम’ वाचलं, आणि खुर्चीत टेकून शांत बसले. परत बटण शोधायला गेले नाहीत. मला हवं होतं ते एवढंच.

३ ऑगस्ट, रविवार

मराठी मजकूर. ग्रंथसूची साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे. ती एलपीला सरळ दिली तर कप्सचा टेक्स्ट फिल्टर अक्षरं एकेक सुटी मांडतो. ‘स्थिती’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचे पाय मोडून मधे हलन्त उघडे पडतात. ‘ज्ञानेश्वरी’ वाचवत नव्हती. फाँट बदलून हे सुटत नाही. देवनागरीत अक्षर जुळवावं लागतं, आणि जुळवणारा भाग त्या फिल्टरमध्ये नाही.

पॅप्स नावाचं छोटं साधन आहे, ते पँगोकडून अक्षरं जुळवून घेतं. फाईल पॅप्सला, फाँट नोटो सान्स देवनागरी, कागद ए४, आणि तिथून पाइपने एलपीकडे. वेलांटी जागेवर, रफार जागेवर. जुनी, सगळीकडे चालणारी एनस्क्रिप्ट आणि ए२पीएस ही साधनं यात कामाची नाहीत, त्यांना युनिकोडच कळत नाही. ‘छाप’मध्ये टेक्स्ट फाईल आली की आपोआप पॅप्स, असं जोडून दिलं.

सूचीतल्या जुन्या नोंदी मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या. तो फाँट नसला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि पॅप्स ती खिचडी सुबक छापून देतं. त्या आधी रूपांतरित करून तपासाव्या लागतील. काकू म्हणाल्या, दिवाळीनंतर. बरं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर सगळे जमले होते, म्हणून कोषाध्यक्षांचा विंडोजचा लॅपटॉप हाती लागला. त्यांच्या भाच्याने आधीच प्रयत्न केलेला. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून कॉपी कमांडला बी स्विच देऊन फाईल नेटवर्कवरच्या प्रिंटरकडे ढकलायची. कल्पना जुनी आणि खरी, डॉसच्या काळात असंच चालायचं. पण यात फाईल जशीच्या तशी जाते, मधे कुणी भाषांतर करत नाही. आमच्या प्रिंटरला थेट पीडीएफ समजत नाही, म्हणून तिला तो साधा मजकूर समजला : पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं, खाली पानंच्या पानं अगम्य चिन्हं. भाच्याने प्रिंटरची वायर उपटली तेव्हा थांबलं.

विंडोजला हा प्रिंटर नेटवर्कवर दाखवणारा, कुणीतरी कधीकाळी चालू ठेवलेला सांबाचा शेअर बंद केला. विंडोजमध्ये ‘पत्त्याने प्रिंटर जोडा’मधून सर्व्हरचा ६३१ वाला पत्ता दिला. आता कोषाध्यक्षांची पावतीही त्याच रांगेतून येते.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. कार्यक्रमपत्रिका, आरत्यांची पुस्तिका, बालनाट्याच्या संहिता, सगळं याच एका प्रिंटरवर. खजूरी बाजारातून रिम आणल्या. पावसाळ्यात रिम फोडून ठेवली की कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. म्हणून लागतील तेवढेच बाहेर, बाकी कपाटात.

प्रिंटरला आपोआप दोन्ही बाजू छापता येत नाहीत. पुस्तिकेसाठी आधी पेज-सेट ‘ऑड’ (विषम पानं), गठ्ठा परत ट्रेमध्ये, मग ‘इव्हन’ (सम). गठ्ठा उलटा की सुलटा, हे प्रिंटरगणिक वेगळं. म्हणून पहिल्या चार पानांवर पेन्सिलने कोपऱ्यात बाण काढून चाचणी घेतली, आणि बाण कुठे यायला हवा ते ट्रेवरच चिकटवलं. एकूण पानं विषम असतील तर शेवटचा कागद दुसऱ्या फेरीआधी बाजूला काढायचा.

मोठी कामं दिवसा नकोत, मुलांची रांग अडते. एलपीला एच स्विच देऊन वेळ सांगता येते, मात्र ती वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते, आपल्या घड्याळाने नव्हे. आपण साडेपाच तास पुढे. सकाळी ८ ला कक्ष उघडायच्या वेळी पुस्तिका निघायला हवी तर ०२:३० लिहायचं. कुणी आपल्या हिशेबाने १८:०० लिहिलं तर प्रिंटर रात्री साडेअकराला जागा होईल. ‘छाप’ला हे गणित शिकवलं, आणि रात्रीच्या सफाईतून अशी थोपवलेली कामं वगळली.

अधेमधे कुणाला तातडीचं प्रवेशपत्र हवं असेल तर क्यू स्विच : १ ते १०० प्राधान्य, मुळात ५०. हा स्विच तक्त्यावर लिहिलेला नाही. फक्त काकूंना माहीत आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) झाल्या, गर्दी ओसरली. कोषाध्यक्षांना पानांचा हिशेब हवा. कप्सचा पेज लॉग नव्या आवृत्त्यांत मुळात बंद असतो, पेजलॉगफॉर्मॅट रिकामं असतं म्हणून. तिथे तारीख, कामाचा क्रमांक आणि पानं एवढंच ठेवलं. फाईलचं नाव मुद्दाम वगळलं, कुणी काय छापलं ते वहीत कशाला?

गल्ल्यातली रक्कम आणि लॉगमधली पानं जुळत नाहीत. फरक गणपतीच्या कामाचा, त्याचे पैसे घ्यायचेच नव्हते. चिटणीसकाका म्हणतात, तेही लॉगमध्ये वेगळं दिसावं. त्यासाठी दुसरी रांग करावी लागेल, त्याच प्रिंटरवर, ‘कार्यालय’ नावाने. पंधरा मिनिटांचं काम आहे, पुढच्या रविवारी.

समिती नवा प्रिंटर घेण्याच्या विचारात आहे. सिल्व्हर मॉलमधून दर मागवताना पत्रात एक ओळ घालायची : प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायच्या पद्धती) चालणारा हवा, लॅनचं सॉकेट हवं, आणि दोन्ही बाजूंची छपाई हवी. कप्स पुढे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर सोडून देणार आहे. ज्याला स्वतःची माहिती स्वतः सांगता येत नाही असा प्रिंटर स्वस्त मिळाला तरी नको. कोषाध्यक्षांना हे फोनवर सांगितलं, पत्र काकू लिहिणार आहेत.